न बुडालेली होडी

माझं माहेर देवासचं, नोकरी धारच्या एका कॉलेजात. इतिहास शिकवते. मुलांनी अभ्यासात एआय कसं वापरावं आणि कुठे थांबावं, हे ठरवायला कॉलेजनं समिती नेमली तेव्हा कॉम्प्युटरच्या तरुण सरांबरोबर मलाही तिच्यात घातलं. प्राचार्य होते, पण सहीपुरते.

सुरुवातीचं काम कंटाळवाणंच. एका साच्यातले निबंध बाजूला काढायचे, मुलांना बोलवायचं, "हे तू लिहिलंस का?" म्हणून विचारायचं. बहुतेक जण लगेच कबूल होत.

मग धरमपुरीच्या एका मुलीचा प्रकल्प आला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. तिनं आजोबांची घेतली होती. ते सुतार, नर्मदेवर चालणाऱ्या होड्या त्यांनी जन्मभर बांधल्या. घराणं मराठी, धारच्या दरबाराबरोबर आलेलं. लाकूड कसं निवडायचं, फटी कशा बुजवायच्या, सगळं छान आलं होतं. शेवटी एक अपघात होता. त्यांनी दुरुस्त केलेली होडी भर दुपारी नदीच्या मध्यावर बुडाली. बाकीचे वाचले, पिवळ्या फ्रॉकमधली सात-आठ वर्षांची एक मुलगी सापडली नाही.

मी तो भाग वर्गात वाचून दाखवला. तास संपल्यावर तिच्याच गावची एक मुलगी माझ्यामागे आली. "मॅम, उसके दादाजी तो बोल ही नहीं पाते. लकवा हो गया है."

समितीनं मुलीला बोलावलं. ती रडली नाही, लपवलंही नाही.

"मी मोबाइलमध्ये लिहिलं, माझे आजोबा होड्या बनवायचे, त्यांच्या तर्फे जवाब दे."

"आणि तो अपघात?" सरांनी विचारलं.

"तो त्यानंच टाकला." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅम, तुम्ही एकदा घरी याल का? मी ते आजोबांना वाचून दाखवलं. वाटलं, खूश होतील. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी घाटावर न्यायला लावतात. त्या मुलीसाठी दिवा सोडतात."

रविवारी सर आणि मी गेलो. डोंगरातला घाट उतरून खाली निमाडात आलं की हवा जड होते. आजोबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, डावा चालता. समजत सगळं होतं, फक्त शब्द गेले होते.

सर त्यांच्यापुढे उकिडवे बसले. "आजोबा, ती गोष्ट मशीननं रचली आहे. तुमच्या होडीतून कुणी बुडालं नाही."

त्यांनी सरांकडे पाहिलं. मग डावा हात जमिनीपासून वर नेऊन उंची दाखवली. थोडं थांबले, आणि हात चार बोटं खाली आणला. एवढी होती.

मुलीची आई दारात उभी होती. "मामंजींनी असं कधी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "पण आता वाटतं, असेलही." तेवढ्यात भाजी निवडत बसलेली शेजारीण बोलली, "हाँ, वो पीली फ्रॉक वाली. उसकी माँ कितने दिन घाट पर बैठी रही!"

मुलगी माझ्या कानाशी आली. "मॅम, ती आई तर मशीनच्या गोष्टीतही नव्हती."

संध्याकाळी आजोबांना खुर्चीसकट घाटावर नेलं. द्रोणातला दिवा त्यांनी स्वतः पाण्यावर ठेवला. तो पुढे गेला नाही. पायरीशीच हळूहळू फिरत राहिला. सर मोबाइल हातात घेऊन उभे होते, पण फोटो काढला नाही. आणि मी नदीच्या मध्यावर बघत होते. काय शोधतेय हे लक्षात आलं तशी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी लॅबमध्ये तोच प्रश्न मशीनला पुन्हा पुन्हा विचारला. दर वेळी वेगळी गोष्ट. एकदा दोर तुटला, एकदा भाऊ वाहून गेला, एकदा तर अपघातच नाही. "बघा मॅम, याला काही माहीत नाही," ते म्हणाले. मला धीर यावा म्हणूनच म्हणाले असावेत.

आम्ही नियम लिहिला: जिवंत वा गेलेल्या कुणाच्याही तोंडी मशीनचे शब्द घालायचे नाहीत, मशीन वापरलं तर काय विचारलं आणि काय मिळालं, दोन्ही जोडायचं. मुलीला शिक्षा केली नाही, प्रकल्प पुन्हा करायला लावला. तिनं आजोबांना हो-नाहीचे प्रश्न विचारले, मान कशी हलली ते लिहिलं. जेमतेम तीन पानं झाली. होडी बुडाली का, या प्रश्नापुढे होकार होता आणि खाली तिच्या अक्षरात एक ओळ: 'हा प्रश्न मशीनची गोष्ट ऐकवल्यानंतर विचारला आहे.' त्या ओळीसाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढच्या वर्षी धरमपुरीचाच दुसरा एक विद्यार्थी आला. त्यानं एका म्हाताऱ्या नावाड्याची मुलाखत घेतली होती. समितीचा फॉर्म नीट भरलेला, मशीन वापरलं नाही असं सही करून दिलेलं, सोबत खऱ्या आवाजाचं रेकॉर्डिंग. नावाडी त्या अपघाताबद्दल सांगत होता. पिवळा फ्रॉक होता, घाटावर बसून राहिलेली आई होती.

"नियमात बसतं, मॅम," सर हळूच म्हणाले. "यावर आपण शेरा काय लिहिणार?"

मी त्या नावाड्याला फोन लावला. "दादा, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"सांगेल कोण?" त्याला प्रश्नच कळला नाही. "बहनजी, मैं तो उसी नाव में था."

मग तो मला त्या मुलीचं नाव सांगायला लागला. मी फोन ठेवून दिला.