तुकड्यांच्या बाई

शाळा सुटली की तुकड्यांच्या बाई वर्गावर्गांत जात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बाकांखाली वाकून मेणखडूंचे तुकडे वेचत. नखाएवढा तुकडाही सोडत नसत. सालवडजवळच्या त्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला हा कंजूषपणा वाटला. एकदा मी मूठभर तुकडे केरात टाकले. बाईंनी ते माझ्यासमोर परत उचलले. "नको गं टाकू. अजून रंग हाय त्यात," एवढंच म्हणाल्या.

बाई दातिवऱ्याच्या. बोलण्यातली गावाची लकब त्यांनी कधी लपवली नाही. वेचलेले तुकडे घरी नेऊन रंगांप्रमाणे निवडत, जुन्या इडलीपात्रात वितळवत, आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात चपटे गोल खडू येत. सुकलेली स्केचपेनं भिजवून त्या रंगीत पाणी काढत. केस झडलेल्या ब्रशाला काथ्या बांधत. त्यावर वर्गाच्या पताका, मुखवटे, राख्या, सगळं निभे.

बाईंच्या दुसरीच्या वर्गातल्या सरिताचे वडील बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथं आग लागली, त्यात ते गेले. सरिता शाळेत परतली ती मुकी होऊनच. हस्तकलेच्या तासाला काळा खडू घेई आणि अख्खा कागद काळा करी. रोज तेच. मला ते बघवेना.

"तिच्याकडचा काळा काढून घेऊ या का, बाई?" मी विचारलं.

"नको. बाप गेलाय तिचा. तिचा रंग ठरवणाऱ्या आपण कोण?"

त्या दिवसापासून बाई काळे तुकडे शोधू लागल्या. वरच्या वर्गांत जाऊन मुलांकडे मागत. तरी एके दिवशी काळा संपला. बाईंनी रिकामा डबा सरिताला दाखवला. "आज नाय गं पोरी. उद्या आणते."

सरितानं डब्यात पाहिलं आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा रडली. बाई तिला मांडीवर घेऊन फरशीवर बसल्या. घंटा झाली, मुलं गेली, तरी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कबूल केल्याप्रमाणे काळा खडू आणला. सरितानं तो घेतला. कागदाचा एक कोपरा मात्र तिनं कोरा ठेवला.

बाई निवृत्त झाल्या आणि दोन-तीन वर्षांत अंथरुणाला खिळल्या. मी दातिवऱ्याला भेटायला गेले. शाळेला देणगीत प्रत्येक मुलासाठी रंगपेट्या मिळाल्या होत्या. ते सांगताना मी चाचरले. तुकडे आता कोणी वेचत नाही, हे ऐकून त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटत होतं.

बाईंचे डोळे भरून आले. "नव्या? समद्यांना?"

"हो बाई. सगळ्यांना."

"बरं झालं. मी काय हौसेनं वेचत नव्हते गं. पोरांना नवं देता येत नव्हतं, म्हणून वेचायचे. लाज वाटायची मला, उष्टे रंग हातात देताना."

इतकी वर्षं शेजारच्या वर्गात राहून मला हे कधी दिसलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी बाई गेल्या. शाळेतल्या शोकसभेत त्यांच्या काटकसरीचं फार कौतुक झालं. माझी पाळी आली, तेव्हा मी म्हणाले, "बाईंना काटकसर आवडत नव्हती. त्यांना फक्त कुठल्याच मुलाचा हात रिकामा बघवत नव्हता."

एवढं बोलून मी खाली बसले.