साडेबाराचं ऊन

मे महिन्यात अकोल्याच्या उन्हाकडे पाहून ज्याचा जीव हळहळतो, असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला. ऊन लागतं म्हणून नव्हे, ऊन वाया जातं म्हणून त्याला वाईट वाटतं. दुपारी एक वाजता सगळं अकोला दारंखिडक्या लावून कूलरपुढे आडवं झालेलं असतं, तेव्हा हा गृहस्थ डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून ओट्यावर उभा राहतो आणि रिकाम्या रस्त्याकडे, चुलीवरचं दूध उतू जात असावं, तसा बघतो. "सारं सांडून रायलं ना साडूभाऊ," असं तो मला पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा त्याला ऊन बाधलं असावं अशी माझी खात्रीच झाली होती.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक. पदविकेला गणिताने दगा दिला, त्यामुळे मुलांच्या प्रयोगांच्या तारा जोडून देणं आणि त्यांनी जाळलेली यंत्रं दुरुस्त करणं एवढंच आयुष्यभर वाट्याला आलं. पण घरी तो राजा. मोडीत निघालेल्या ई-रिक्षांच्या आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणायच्या, त्यातले जिवंत सेल निवडायचे, त्यांची मोट बांधायची आणि गच्चीवरच्या सौर पॅनलला जोडायची. संध्याकाळी दिवा लावला की तो पाहुण्याला आधी त्या दिव्याचं कूळ सांगतो. "हे साडेबाराचं ऊन हाये बरं. जरासं कडक असते." मग दुसरं बटण दाबून, "आन् हे सकाळी दहाचं. वाचाले बरं." मी पेशाने वकील, पुराव्याशिवाय बायकोचंही ऐकत नाही, पण त्या दोन दिव्यांत मला खरोखर फरक दिसल्यासारखा वाटला. त्याच्याजवळ बसलं की असं होतं. तो बोलत राहतो, वरुडच्या संत्र्यांची पॅकिंग सांजच्याला दुपारच्या उन्हावर चालून राहिली आहे, प्रत्येक गावात एक खोली आहे आणि तिच्यात गावची अख्खी दुपार भरून ठेवली आहे, असं काय काय. आणि ऐकणाऱ्याला त्या खोलीचं दारसुद्धा दिसू लागतं.

बॅटरीला तो 'ती' म्हणतो आणि ते व्याकरणापुरतं नसतं. माझ्या अमरावतीच्या घरी आला की चपला काढतो, सरळ इन्व्हर्टरपाशी जातो आणि तिच्या पोटाला पालथा हात लावून ताप बघतो. एकदा मी टायफॉइडमधून उठलो होतो, आणि हा खास मला भेटायला म्हणून आलेला. आधी तिची विचारपूस झाली, तिला पाणी पाजून झालं, मग माझ्याकडे वळून, "तुमी तं बरे दिसून रायले," एवढ्यावर माझी बोळवण झाली. माझ्या बायकोने त्या दिवशी त्याला चहात साखर घातली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याचा एक सिद्धांत होता. या बॅटऱ्या थंड गावच्या लोकांनी थंड खोलीत बसून बनवलेल्या. आपल्याकडच्या उन्हात भर दुपारी त्यांना कामाला जुंपणं हा अन्याय आहे. त्यांना सावली पाहिजे, वाळ्याची ताटी पाहिजे, आणि बारा ते चार पडू दिलं पाहिजे. "आपून जेवून लवंडतो का नाई? मंग तिनंच काहून राबाव?" हा सिद्धांत त्याने माझ्या पुतणीच्या लग्नात, चांदूर बाजारला, सिद्धही करून दाखवला. वीज गेली तर मांडवातले पंखे त्याच्या बॅटऱ्यांवर चालायचे होते. वीज गेली. पंखे फिरले. साडू कौतुकाने मिरवला. आणि बाराच्या ठोक्याला, नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी सगळे पंखे थांबले. जाऊन पाहतो तर याने स्वतःच बटण बंद केलेलं, बॅटऱ्यांच्या पेट्यांवर ओली फडकी घातलेली आणि वरपक्षासाठी चालवलेला जनरेटरवरचा कूलर तिच्याकडे वळवून ठेवलेला! व्याही घामाने निथळत तावातावाने आले, तर हा म्हणतो, "इवाईबुवा, तुमी लिंबाखाली बसू शकता. ते बिचारी कुठं जाईन?" व्याही आजही आमच्याकडे आले की आधी पंख्याकडे बघतात.

हसायचे सगळेच. तंत्रनिकेतनात त्याला 'वामकुक्षीवाले' म्हणत. तोही हसायचा, पण एकदा मला म्हणाला, "साडूभाऊ, एखाद्या जाणत्या माणसानं एकडाव पुरं आयकून घ्याव. मंग चुकलं म्हणा." हे म्हणताना त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मी तेव्हापासून हसायचं सोडलं.

तो जाणता माणूस बाळापूरकडे भेटला. तिथे एका नव्या सौर प्रकल्पावर बॅटऱ्यांचे मोठे डबे बसवले होते आणि ऐन मे महिन्यात, दुपार झाली की ते रुसायचे. बंगळूरहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. हा न बोलावता, स्कूटरवर वह्यांचं गाठोडं बांधून पोचला. त्या वह्यांत नऊ उन्हाळ्यांतल्या प्रत्येक दुपारी, दर तासाला, कुठल्या बॅटरीला किती ताप होता ते लिहिलेलं. समोर शेरा, 'आज चिडचिड', 'आज जेवली नाही'. बाईंनी सगळ्या वह्या चाळल्या. त्या हसल्या नाहीत. 'जेवली नाही' म्हणजे काय, एवढंच विचारलं, आणि हा दोन तास बोलला.

महिन्याभराने त्या बाईंच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतून नोकरीसाठी भरायचा अर्ज आला. अनुभवाच्या रकान्यात याने लिहिलं, 'नऊ उन्हाळे'. तेवढ्यावर निवड झाली. एक्कावन्नाव्या वर्षी! आणि मग हा पठ्ठ्या कोमेजला. अकोल्याबाहेर त्याने एकही उन्हाळा काढलेला नव्हता; बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिची नोकरी सोडून ती जाऊ शकत नव्हती. चार दिवस ओट्यावर बसून राहिला. शेवटी मला म्हणाला, "तुमी सांगा. जाऊ का नाई?" मी वकिली थाटात ताडकन म्हणालो, "जा." दुसऱ्याच्या घराबद्दल निकाल देणं मला सोपं जातं. तो गेल्यावर मात्र माझ्या घरी कोणी चपला काढून सरळ आत जाईनासं झालं, आणि मला तो फार आठवू लागला.

परवा भर दुपारी त्याचा फोन आला. तिकडे त्याचं सगळे ऐकतात म्हणे. तिथे एक मोठं लोखंडी कपाट आहे. त्यात सेहेचाळीस अंश तापमान करून बॅटऱ्या तपासतात. किती वाजता किती तापवायचं, हे यानेच ठरवून दिलेलं.

"दार उघडलं का तोंडावर असी झळ येते, साडूभाऊ! एकदम आपलं अकोला. रोज दोन मिनिटं उभा रायतो तिथं. हे लोक समजतात का मी तपासून रायलो."

मी उठून खिडकीतून बाहेरचं ऊन पाहिलं.

"तिकडं किती हाये आज?" त्याने हळूच विचारलं.

"सत्तेचाळीस," मी म्हणालो. मोबाइलवर बेचाळीस दिसत होतं. पण त्याला काहीतरी द्यावंसं फार वाटलं, आणि माझ्याजवळ तेवढंच होतं.