गादी नसलेलं दुकान

लातूरच्या आमच्या कॉलेजात इंटेरिअर डिझाईन आणि रिटेल सेल्स हे दोन व्यावसायिक अभ्यासक्रम एकाच खोलीत चालायचे. डाव्या अंगाला आम्ही, घरं-दुकानं सजवायला शिकणाऱ्या. उजव्या अंगाला त्या, माल विकायला शिकणाऱ्या. मधे प्लायवूडचा आडोसा, तोही अर्धाच, कारण प्लायवूड पुरलं नाही. आम्हाला शिकवणारे सर मूळचे भूगोलाचे. भूगोलाला पोरं उरली नाहीत म्हणून त्यांना आमच्यावर सोडलं होतं. ते पडद्यावर चित्रं दाखवायचे आणि खालची ओळ वाचून दाखवायचे. एकदा अख्खा आठवडा दिवाणखान्यातली शेकोटी कशी सजवावी यावर गेला. बाहेर लातूरचा एप्रिल, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि आम्ही वहीत शेकोट्या काढतोय. तेव्हा मला हसू यायचं. आता आठवलं की डोकं सणकतं.

पलीकडच्या पोरी रिकामी खोकी मांडून दुकान-दुकान खेळायच्या. त्यांच्यातली एक मुरुडची, हॉस्टेलात माझ्याच खोलीत राहायची. तिची आई मुरुडच्या बाजारात भाजी विकायची आणि ही सहावीपासून तिच्या शेजारी बसून वांगी विकत आलेली. ती बोलता बोलता गिऱ्हाइकाच्या पिशवीत मेथीची जुडी कधी टाकायची, ते गिऱ्हाइकालाही कळत नसे. अशा पोरीला कॉलेजनं काय शिकवलं? पाठ ताठ ठेवा, हात पोटाशी बांधा, हसा. पहिल्या प्रात्यक्षिकात तिला नापास केलं. का, तर मॅडम गिऱ्हाईक बनून आल्या तेव्हा तिनं खुर्ची ओढून म्हटलं, "बसा की मावशी." मॅडमना मावशी म्हटलेलं सोसलं नाही.

मी उदगीरची. आमचं घर पिंजाऱ्याचं. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरतात. कापडदुकानांच्या गाद्या हे आमचं हुकमी काम. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जुन्या कापडदुकानात काउंटर नसतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरी खोळ, कडेला लोड. चपला खाली काढायच्या आणि वर जाऊन बसायचं. गिऱ्हाईक बसतं, शेठ बसतो, साड्या उलगडून दाखवणारेही बसतात. लग्नाचा बस्ता बांधायला वीस-पंचवीस माणसं जीप करून येतात. म्हाताऱ्या भिंतीला टेकतात, लेकरं लोडावर झोपी जातात, चहा होतो, मानपानावरून एक भांडण होतं आणि मग कुठं बस्ता बांधला जातो. दर दसऱ्याच्या आधी अब्बा त्या गाद्या उसवायचे, कापूस पुन्हा पिंजायचे, भरून द्यायचे. शाळेत असताना मीही खोळी शिवायला बसायचे. केसांत कापूस अडकून राहायचा आणि वर्गातल्या पोरी तो वेचून माझ्याच हातात द्यायच्या. मला त्या कापसाची लाज वाटायची. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुसऱ्या वर्षी सरांनी अभ्याससहल म्हणून नांदेडला नेलं, एका मॉलमधलं कपड्यांचं शोरूम दाखवायला. मी हरखून गेले. टेप लावून काउंटरची उंची घेतली, काउंटरमागची जागा मोजली, छतातले दिवे मोजले, फरशीचा रंग लिहून घेतला. तिथं सेल्सच्या पोरी उभ्या होत्या. किती होत्या ते सांगता येणार नाही, कारण त्या मी मोजल्या नाहीत. परतीच्या वाटेवर मुरुडवाली म्हणाली, "त्या पोरी सारख्या पाय बदलून राहिल्या होत्या, बघितलंस का?" मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

गंजगोलाईच्या बाजारातले एक कापडवाले शेठ आमच्या संस्थेवर होते. त्यांना दुकान नवं करायचं होतं. बाहेरचा डिझायनर कशाला, कॉलेजच्या पोरी आहेतच की, असं वरच्यावर ठरलं आणि ते काम आमचा प्रकल्प झालं. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात. आमच्या हातावर तर कुणी आवळाही ठेवला नाही. आम्ही सगळ्यांनी नकाशे काढले आणि शेठनी माझा निवडला. माझ्या नकाशात गादी नव्हती. काचेचे काउंटर, वरून दिवे, खाली पांढरी फरशी. दुकानाच्या मागं एक अंधारी खोली होती. तिथं पाण्याचा माठ असायचा आणि कामावरच्या दोन बाया दुपारी डबा खाऊन घटकाभर पाय पसरायच्या. त्या जागी मी ट्रायल रूम बसवली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात नकाशा अब्बांपुढं पसरला. त्या दुकानाची गादी कितीतरी वर्षं त्यांनीच भरलेली. त्यांनी चष्मा लावून सावकाश बघितलं. गादी गेली याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "बेटा, काम करनेवाले काँ बैठते?"

मी फणकारले, "अब्बा, शोरूममध्ये कुणी बसत नसतं."

त्यांनी नकाशा नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. कॉलेजात मला पहिला नंबर मिळाला, शाल आणि नारळही मिळाला.

अभ्यासक्रम संपला. लातुरात इंटेरिअरचं काम करणारे जे दोन-चार जण होते त्यांच्याकडं मी चकरा मारल्या. साईटवर पोरगी कशाला, असं सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. इकडं सरांना मात्र आमच्या वर्गातली प्रत्येक पोरगी नोकरीला लागली असं कागदावर दाखवायचं होतं. त्यांनी शेठना फोन केला आणि मला त्याच दुकानात, साड्यांच्या काउंटरला उभं केलं. मुरुडवाली तिथं माझ्याआधी लागली होती. प्रमाणपत्रावर डिझायनर आणि कामाला सेल्सगर्ल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मला माझं दुकान फार आवडलं. तीन वाजता टाचा पेटल्या. सकाळी दहाला उभं राहायचं ते दुकान बंद होईपर्यंत. मधे जेवायला वीस मिनिटं, तीही गोदामाच्या जिन्यात, उभ्यानं. काउंटरला टेकलं की कॅमेऱ्यात दिसायचं आणि केबिनमधून शेठ फोन करायचे. बरं, टेकायला तरी मी काय ठेवलं होतं? काच. त्या जुन्या दोन बाया महिनाभर सुद्धा टिकल्या नाहीत. शिव्या द्यायच्या तर कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्या वर्षी मुरुडवालीला दिवस गेले. अभ्यासक्रम संपल्यावर तिला गावातच दिलं होतं, ती रोज एसटीनं ये-जा करायची. कळलं तर काढतील म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत तिनं ओढणी पुढं घेऊन पोट लपवलं, आणि त्यानंतर लपेना तेव्हा कुणी विचारलं नाही. संध्याकाळी तिच्या घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार वेळ उभं राहू नको, मूल दिवस भरायच्या आत होईल. तिचं पहिलं एकदा असंच गेलेलं. मग आम्ही एक युक्ती काढली. ती एक ब्लाउज उचलून ट्रायल रूममध्ये जायची, कडी लावून पाच मिनिटं फरशीवर बसायची. मी बाहेरून मोठ्यानं विचारायचे, "मॅडम, फिटिंग बरोबर आहे ना?" दिवसातून चार वेळा आमच्याकडं ती मॅडम येऊन जायची. काही न घेता जाते म्हणून आम्ही तिला नावंही ठेवायचो.

पण असं किती दिवस चालणार? एका दुपारी मी केबिनमध्ये गेले आणि काउंटरमागं एक स्टूल ठेवा म्हटलं. शेठ गोड माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत.

"ठिवलं असतं की बेटा. पन गिऱ्हाईक काय म्हनंल? पोरी बसून पगार घेतेत म्हनंल. आन् जागा तरी कुठं हाय? तूच बघ की, नकाशा तुझाच हाय."

जागा खरंच नव्हती. काउंटर आणि कपाटाच्या मधे मी दीड फूट सोडलं होतं. नांदेडला तेवढंच मोजलं होतं. मला असा राग आला की कान गरम झाले, आणि तो काढायचा कुणावर ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर ट्रायल रूमचं दार काढून तिथं पडदा लावलेला. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. आत कुणी खाली बसलं तर कॅमेऱ्यात सरळ दिसावं, एवढी काळजी घेतलेली.

दिवाळीच्या आधी सर नवा वर्ग घेऊन दुकान दाखवायला आले. सोबत फोटोवाला होता. "ही आपली विद्यार्थिनी," सर म्हणाले, "दुकानाचं डिझाईनही हिचं आणि नोकरीही इथंच." पोरींनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं मला दिव्याखाली उभं करून फोटो काढला. मग पोरी टेप काढून काउंटर मोजायला लागल्या, अगदी मी मोजलं होतं तसंच. उमरीहून शिकायला आलेली एक पोरगी मात्र मोजायचं सोडून समोरच्या काउंटरकडं बघत होती. तिथं मुरुडवाली उभी होती, सातवा महिना, या पायावरून त्या पायावर.

त्या पोरीनं मला विचारलं, "ताई, तुमी बसता कुठं?"

माझ्याआधी सरच हसत म्हणाले, "बसायला वेळ असतो कुठं? धावपळीचं क्षेत्र आहे हे."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "इथं बसायला जागा होती. ती मी नकाशातून काढली आणि मला त्याबद्दल पहिला नंबर दिला. ही समोर उभी आहे, तिला सातवा महिना आहे. डॉक्टरांनी उभं राहू नको म्हणून सांगितलंय. आम्ही स्टूल मागितलं तर इथं पडदा लावला. मापं घेताय ना, मग हेही लिहून घ्या."

कुणी काही लिहून घेतलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं आणि पोरींना मेंढरांसारखं हाकत बाहेर नेलं. केबिनच्या काचेमागं शेठ आमच्याकडंच बघत होते. मला मोकळं वाटत होतं, कितीतरी महिन्यांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं. शाबासकी मिळावी म्हणून मी मुरुडवालीकडं बघितलं. ती खाली मान घालून साडीची घडी घालत होती.

संध्याकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मला नाही, तिला. दार उघडंच होतं, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"तुझी मैतरीन म्हनली ते बरोबर हाय बेटा. अशा दिवसांत उभं ऱ्हानं चांगलं न्हाई. उद्यापासून घरीच आराम कर."

बाळंतपण झाल्यावर येऊ का, असं तिनं विचारलं. तोवर शेठनी फोन कानाला लावला होता. मला कुणी काही बोललं नाही. माझा फोटो कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकावर छापायचा होता, त्यामुळं मला काढणं त्यांना सोयीचं नव्हतं.

मी तिच्यासोबत बसस्टँडपर्यंत गेले. रस्ताभर मी शेठना, सरांना, कॉलेजला तोंडाला येईल ते बोलत होते आणि ती पिशवी सावरत चालत होती. फलाटावरचे बाक भरलेले. ती म्हणाली, "तू खरंच बोललीस. पन मला इचारलंस का?"

"अगं, मी तुझ्यासाठीच बोलले."

"म्हाईत हाय की. तुला राग आला, तू बोलून मोकळी झालीस. मपलं काय? आनखी एक महिना काढनार होते मी, कसं बी करून. बाळंतपनाला तेवढाच आधार झाला असता." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नकाशा काढलास तवा त्या मागच्या खोलीतल्या बायांना बी इचारलं नव्हतंस."

एवढा राग होता माझ्याकडं, सगळ्यांना पुरेल इतका, आणि त्यातला एक शब्द तिच्यापुढं कामाचा नव्हता.

मुरुडची गाडी लागली आणि माणसं दाराला लोंबली. ती सगळ्यांच्या शेवटी चढली. खिडकीतून दिसत होतं, आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. तिनं एकदा मान वर करून हिच्याकडं बघितलं, उठली, दंडाला धरून हिला बसवलं आणि गाठोडं हिच्याच मांडीवर देऊन स्वतः दांडा धरून उभी राहिली. म्हातारीनं दिली ती तिची स्वतःची जागा होती. मी नकाशातही आणि बोलण्यातही, दोन्ही वेळेला दुसऱ्याचीच जागा घालवली.