बिबड्यांच्या दिवशी

मायला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मी धुळ्याला नोकरीला होते आणि लांबून शहाणपण शिकवण्यात सगळ्यांच्या पुढे. मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, त्यात वहिनीची सोन्याची पोत मोडली होती. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी माझ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता नेऊन उपयोग नाही. दुखण्याची इंजेक्शनं चालू ठेवा, मागेल ते खाऊ घाला." भाऊ तिला एरंडोलजवळच्या आमच्या गावी घेऊन आला.

मी पहिल्या एस.टी.ने पोचले आणि ओट्यावरच तोंड सोडलं. "माझ्या बांगड्या मोड, पण तिसऱ्यांदा ने! पैशांसाठी आईला घरी आणून टाकली, म्हणतील लोक." लोक कशाला, मीच म्हणत होते.  भाऊ मुंबईची बॅग भरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. मायनेच हट्टाने ठरवलेल्या. आमच्याकडे कुणाचीही कढई चुलीवर चढली की सगळी गल्ली थापायला येते. अंगणात ज्वारीचं पीठ रटरटत होतं आणि माय कडुनिंबाखाली खाटेवर पडून हुकूम सोडत होती. हिने तीळ कमी टाकले, तिची बिबडी जाड झाली. कंपाउंडर सायकलवर आला, इंजेक्शन देऊन वाटीभर गरम पीठ तेल घालून खाऊन गेला. अगं बाई, काय जोर होता मायच्या आवाजात!

उन्हं वर आली तसा तिने हात वर करून सगळ्या बायकांना थांबवलं.

"आयका वं बठ्ठ्याजनी. मना पोऱ्या माले मुंबईले नेवाले तयार शे. मीच नै म्हनस. त्याले कोनी बोल लावू नका." मग माझ्याकडे वळून, "बाई, तू बी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ कढईत पीठ घोटत होता, त्याने खांद्यानेच डोळे पुसले. मायने बोटभर पीठ चाटून पाहिलं आणि मीठ कमी आहे म्हणून वहिनीला झापलं.

त्यानंतर ती अठरा दिवस होती. मी रजा टाकली. दुखायचं तेव्हा कण्हायची, इंजेक्शन लागू पडलं की गल्लीभरच्या चहाड्या सांगायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही मायलेकी एवढ्या हसलो नव्हतो. खोटं कशाला सांगू, सुखाचे दिवस होते ते.

ती गेल्यावर लोक दारावर बसायला आले. माझ्या सासरकडच्या एका नानांनी सगळ्यांसमोर भावाला विचारलं, "का हो, मुंबईला परत नाही नेलं?"

भावाची मान खाली गेली. मी बायकांतून उठले.

"तो नेतच होता, नाना. मीच त्याला नको ते बोलले होते. मायने नाही म्हटलं. स्वतःच्या घरात गेली ती, ह्याच्या हातचं पाणी पिऊन."