पट्टीवालीचा पाय

पट्टीवालीचा पाय खरंच दुखत होता की ते सोंग होतं, यावर माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं अजून एकमत नाही. पट्टीवाली कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मधूनच सुरू झाली. ती परदेशातली फुटबॉल खेळणारी पोरगी. तिला मी समोरासमोर कधी बघितलेलं नाही, आणि मी कोण हे तिला कळायचं काही कारणच नाही. पण त्या उन्हाळ्यात तिच्यावर मी जेवढी नजर ठेवली तेवढी घरात आलेल्या नव्या सुनेवरसुद्धा कोणी ठेवत नसेल.

त्याचं असं झालं. रोह्याला दिलेली माझी लेक, तिची मुलगी देशाच्या संघात खेळते. मागे खेळते. मागे म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात, समोरून येणारीला अडवायला. मोठ्या स्पर्धेत जायचं तर आधी पात्रतेचे सामने खेळावे लागतात, आणि गटातून एकच देश वर जातो, हे तिनेच मला समजावलं. शिबिराला परत जाण्याआधी तिला थोडी सुट्टी मिळाली. आईकडे रोह्याला राहून मग ती आमच्याकडे आली, धरमतरच्या खाडीकडच्या आमच्या गावात. येताना मोबाईलमध्ये समोरच्या संघांचे सामने भरून आणले होते. ते बघायचे आणि जी आपल्या वाट्याला येणार तिचा अभ्यास करायचा, असं त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकीला सांगितलेलं. नातीच्या वाट्याला पट्टीवाली होती.

आमचे तेव्हा पोह्यांचे पापड चालले होते. ओटीवर मी आणि जाऊ लाटायला, मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला, आणि नात बाजूच्या खाटेवर बसलेली. आम्हाला फुटबॉल कळत नाही. पण माणूस धावताना दिसला की त्याच्याबद्दल बोलायला काय लागतं?

पहिला संघ बेटावरचा. त्या एकमेकींना सारख्या हाका मारत होत्या.

"ह्या आरडतात किती गो," जाऊ म्हणाली. "मासळीबाजार हाय का?"

"बोलावंच लागतं, धाकटी आजी. मागून कोण येतंय ते पुढचीला दिसत नाय."

अर्ध्या वेळेपर्यंत बेटावरच्या वाऱ्यासारख्या धावल्या आणि नंतर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ह्यांची भरती जोरात, पण ओहोटी लवकर लागते. तोवर तग धरा." नातीला ते पटलं. दुसरा संघ थंडीच्या देशातला. एकेक पोरगी माडाएवढी. कोपऱ्यावरून चेंडू वर आला की ह्यांचं डोकं आधीच तिथे. मी सांगितलं, "ह्यांना वरून चेंडू देऊच नका."

"ते सगळ्यांना कळतं, आजी. कसं नाय द्यायचं ते सांग."

आता ते मी काय सांगणार? मी पापड लाटला.

तिसरा संघ यजमानांचा, ज्यांच्या देशात हे सामने व्हायचे होते. नावाजलेला संघ, पण अलीकडे सरावाच्या सामन्यांत दुबळ्यांकडून हरत होता. आणि त्यांची पुढे खेळणारी जी मुख्य पोरगी, तिच्या डाव्या गुडघ्याला कातडीच्या रंगाची पट्टी. चेंडू दूर असला की लंगडायची. चेंडू पायात आला की कसलं लंगडणं नि कसलं काय.

जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघी एकदम म्हणालो, "सोंग."

आम्हाला असं का वाटलं, त्याला कारण आहे. आमच्या सासऱ्यांकडे शर्यतीचे बैल होते. आमच्या भागात किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती लागतात. मध्ये बंदी आली होती, आता परत सुरू झाल्यात. तर शर्यत जवळ आली की अख्खं गाव एकमेकांवर संशय घ्यायचं. कोणाचा बैल काय खातो, कुठे पळवतात, सगळं झाकून. आमचे सासरे चांगल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावून वर गच्च चिंधी बांधायचे. मग बैल आपोआप पाय उचलून टाकायचा. पाहुणा यायचा, चहा प्यायचा, "अरेरे, पायाला काय झालं?" म्हणायचा आणि खूश होऊन जायचा. लहानसहान शर्यत मुद्दाम हरायची, ती तर रीतच.

आणि दुसऱ्यांचे बैल बघायला कोणाला पाठवायचे? आम्हा सुनांना. बाईमाणसावर कोण संशय घेणार? जवळच्या गडब गावात माझी आतेबहीण दिलेली, तिच्याकडे सूप मागायला म्हणून मी जायची आणि शेजारच्या गोठ्यात डोकावून यायची. जाताना सासरे बजावायचे, "लंगडणाऱ्याकडे बघू नको. चिंधी तर आपणसुद्धा बांधतो. उभ्याने रवंथ करणारा बघ. सारखा भार ह्या पायावरून त्या पायावर टाकतो का? बसायचं टाळतो का? दुखणं तिथे असतं."

तर अशा घरात मुरलेल्या आम्ही दोघी. पट्टीवालीची पट्टी आम्हाला हळद-चुन्याची चिंधीच दिसली.

"सराव कुठे करतात त्या?" मी विचारलं.

"दारं बंद करून. कोणाला आत सोडत नायत."

"मग झालंच."

"आजी, आपण पण दारं बंदच ठेवतो."

"आपलं येगळं," जाऊ म्हणाली.

नात हसली. "आणि अशा पट्ट्या निम्म्या पोरी लावतात. दुखायला लागू नये म्हणून पण लावतात."

"लावू दे," मी म्हटलं. "तू तिला लंगडी समजून सैल सोडू नको. ती झाकतेय काहीतरी. आणि झाकावंच लागतं गो. कुठे दुखतंय ते समोरच्याला दिसलं की तो नेमका तिथेच हाणतो."

 मोबाईल हातात घेऊन तिने तोच तुकडा परत लावला. परत लावला. मी मान वाकडी करून बघितलं, तर तो गोलचा तुकडा नव्हताच. पट्टीवाली चेंडूसाठी उंच उडते आणि खाली येते, एवढाच होता.

"ह्यात काय बघण्यासारखं हाय?"

"खाली कशी टेकते ते बघते."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण माझा सगळा संशय परदेशी लागलेला.

संध्याकाळी ती मागच्या दारात उभी राहून चहा पीत होती. मी भांडी आवरत होते. कपातून एक घोट घेतला की भार उजव्या पायावर, दुसरा घोट घेतला की डाव्यावर टाकून बघायची आणि लगेच परत उजव्यावर. माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मग एकेक आठवायला लागलं. ही पोर लहानपणापासून पापडाच्या दिवसांत माझ्या पोळपाटाला चिकटून मांडी घालून बसणारी, कच्च्या लाट्या खाणारी. या वेळी आल्यापासून खाटेवर. "इथून मोबाईल नीट दिसतो" म्हणे. मोबाईल तर खाली डब्याला टेकवलेला होता.

दुसऱ्या दिवशी परत पापड मांडले. मी म्हटलं, "खाली बस, लाटी देते."

"इथेच दे ना."

"खाली बस गो बाय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. खाटेच्या कडेला धरून, मग जमिनीला हात टेकून ती बसली. उजव्या पायाची मांडी घातली, डावा पाय सरळ समोर ठेवला. जाऊ बोलघेवडी खरी, पण अशा वेळी तिला अक्कल असते. "गच्चीवरचे पापड उलटते," म्हणून ती उठून गेली.

"कधीपासून?"

"शिबिरातच. हेडर मारायला उडाले, खाली आले तेव्हा."

"मॅडमना सांगितलंस?"

"नाय."

"आईला?"

"आईला सांगितलं की बाबांना कळणार, आणि बाबांना कळलं की कंपनीतल्या सगळ्या शिफ्टला." लाटी तिने हातात घेतली होती, खात नव्हती. "आजी, एवढे सामने जाऊ देत. मग दाखवीन डॉक्टरला. आत्ता सांगितलं तर बाहेर बसवतील, आणि माझी जागा दुसरीला गेली की गेली. जोर लावला की चालतं मला. पट्टीवाली नाय का खेळत?"

"तिचं सोंग हाय."

"तुला काय माहीत? आणि तूच बोललीस ना काल, झाकावंच लागतं."

आता बघा, माझंच लाटणं माझ्याच पाठीत. थोडा वेळ मी पीठच मळत बसले. मग म्हटलं, "समोरच्यापासून झाकायचं, गाडीवाल्यापासून नाय. तुझ्या पणजोबांनी सगळ्या पंचक्रोशीला फसवलं असेल. पण आपल्या बैलाच्या कुठल्या खुरात काय हाय, ते गाडी हाकणाऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांनी कधी गाडी जुंपली नाय. एकदा गाडीवाल्यानेच त्यांच्यापासून चपळा बैलाच्या खुराची भेग लपवली. त्याला ती शर्यत सोडवत नव्हती. बैल पळाला, पहिला पण आला. नंतर आयुष्यभर गोठ्यात उभा."

"मी काय बैल नाय."

"नायच. त्याला सांगता येत नव्हतं."

ती रागावली. उठायला गेली, तर लगेच उठता येईना, म्हणून आणखी रागावली. मी हात दिला नाही. दिला असता तर तिने घेतला नसता. बसल्या बसल्याच तिने मोबाईल ओढला आणि पट्टीवालीला परत चालू केलं. पट्टीवाली चेंडू घेऊन सरळ येत होती, मग झटकन आत वळली, आणि तिला अडवणारी बिचारी गोल फिरून तोंडघशी पडली.

"ही अशी माझ्या अंगावर येणार," नात म्हणाली. "ही वळली की मला तिच्याबरोबर वळता आलं पाहिजे. डाव्या पायावर."

"येतं वळता?"

तिने लाटी तशीच परत परातीत ठेवली.

सकाळी ती मोबाईल घेऊन मागच्या दारी गेली. मॅडमना फोन करते म्हणाली. माझा विश्वास बसेना. नुसताच कानाला लावून येईल, असं वाटलं. म्हणून मी केरसुणी घेऊन दाराआड उभी राहिले. पलीकडून ऐकू आलं, "डावा. हो मॅडम. टेकताना जास्त." मग बराच वेळ काही नाही. मग, "मला माहितीये, मॅडम." तेव्हा मी केर काढायला लागले.

तिला लगेच बोलावून घेतलं, तपासण्या झाल्या. गुडघ्यात आत थोडं फाटलेलं होतं. कापायला लागणार नाही, पण विश्रांती पाहिजे, सामने विसरायचे. लेकीचा मला फोन आला. "आये, तुला काय गरज होती गो? लहानपणापासून पोर ज्याच्यासाठी धावली ते हेच होतं. चार दिवस गप बसली असतीस तर काय झालं असतं?" मी ऐकून घेतलं. आईच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. पण फोन ठेवल्यावर मला माझाच संशय यायला लागला. पोरीच्या पायासाठी बोलले की आपली नजर अजून चुकत नाही हे दाखवायला बोलले? 

यजमानांशी सामना होता त्या दिवशी मी रोह्याला गेले. नात खुर्चीवर, पाय समोर स्टुलावर, खाली उशी. तिच्या जागी दुसरी पोरगी खेळणार होती. पट्टीवालीबद्दल हिने जे जे जमवलं होतं ते सगळं तिला रोज फोनवर सांगत होती. कुठे वळते, कुठल्या खांद्याने हूल देते, सगळं. लेक माझ्याशी बोलत नव्हती, पण चहात साखर माझ्या मापाचीच होती.

संघ मैदानात आले. मी चष्मा पुसून पट्टीवालीला शोधलं, आणि बघते तर पट्टी उजव्या गुडघ्याला.

तेवढ्यात गावाहून जावेचा फोन. "बघितलंस? पाय बदलला. डावा होता गो, डावा. मी काय बोललेली?"

मी विजयी मुद्रेने नातीकडे बघितलं. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "डावा जपत राहिलं की सगळा भार उजव्यावर येतो, आजी. माझा पण आता उजवा दुखतो."

"हे मला सांगितलं नायस."

"आता सांगितलं ना."

पट्टीवाली एकदा आत वळलीच. हिच्या जागची पोरगी पण तिच्याबरोबर वळली, पडता पडता पाय घातला, आणि चेंडू खांबाला लागून बाहेर. नातीचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले. तिचा डावा पाय स्टुलावर आपोआप वळला होता आणि चेहरा कळवळला होता. लेकीने ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि उठून मला आणखी थोडा चहा ओतला.

उत्तरार्धात पट्टीवालीला बदललं. ती मैदानाबाहेर गेली ती अगदी सरळ, ताठ, जराही न लंगडता. जावेच्या मते हाच पुरावा: दुखणारी अशी चालेल का? माझं मन मात्र तिथे फिरलं. दुखत नसतं तर ती लंगडली असती. नातीने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरात फक्त तिनेच.

आपण एका गोलने जिंकलो आणि गटातून वर गेलो. लेक रडली, जावयाने कंपनीतून फोन केला. नात हसली, सगळ्या मैत्रिणींना निरोप पाठवले, आणि मग बराच वेळ पाठ करून झोपली.

मोठी स्पर्धा अजून व्हायची आहे. मध्यंतरी ती परत आमच्याकडे आली होती. गुडघा बरा झालाय म्हणाली, डॉक्टरने धावायला सांगितलंय म्हणाली. मी वाल भिजवून मोड आणलेले होते, बिरड्यासाठी. तिला सोलायला बसवलं. मांडी घालून बसली, दोन्ही पाय दुमडून. मी म्हटलं, सुरी आण. उठली, आणली. हात टेकला नाही. मी म्हटलं, ताटली लहान पडते, मोठी आण. उठली, आणली.

"किती वेळा उठवणार हायस?"

"तहान लागली. तांब्या आण."

ती माझ्याकडे बघून हसली आणि उठली. मी वाल सोलत होते. माझं लक्ष वालाकडेच आहे, असं तिला वाटलं असेल.