सही दाखव

"आमच्या सरपंचबाईला सही येते बरं का. दाखव गं सायबांना."

उपसरपंच भाऊंनी टेबलावरचा जुना पेपर माझ्यापुढे सरकवला. समोर बिल्डरचा माणूस चहा पीत बसला होता. मी दाराजवळच्या बाकावरून उठले. सरपंचाच्या खुर्चीत भाऊ होते, म्हणून उभ्यानेच वाकून पेपरच्या कोऱ्या कडेला सही केली. हळूहळू, एकेक अक्षर. साहेब म्हणाला, "अरे वा!" भाऊ हसले. ग्रामसेवक हसले. मीसुद्धा हसले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तेव्हा मला अपमान वाटला नाही. छाती फुगली होती माझी. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

मी कातकरी. पनवेलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. गाव खाली, मोठं. दिवाळी सरली की आम्ही वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडावर परत. शाळेच्या पटावर माझं नाव चौथीपर्यंत होतं, मी मात्र भट्टीवर. सरपंचपद आदिवासी बाईला राखीव झालं तेव्हा भाऊंचा टेम्पो थेट भट्टीवर आला. हाताचा चिखल धुतला आणि फॉर्मवर अंगठा दिला. वाडीत एवढ्या बायका, मलाच का उचललं ते पुढे कळलं. भाऊ कुणाला तरी सांगत होते, "गरीब हाय. उलटून बोलायची नाय."

निवडून आल्यावर पनवेलला एका हॉलमध्ये महिला सक्षमीकरणाचं शिबिर झालं. छातीवर बिल्ला, हातात पेन, दुपारी पुरीभाजी. एका मॅडमनी माझा हात धरून सही गिरवून घेतली. "आता तुम्ही अंगठेबहाद्दर राहिला नाहीत," म्हणाल्या. भल्या बाई होत्या. पण वाचायला शिकवायला दिवस पुरला नाही. मला त्याची रुखरुखही लागली नाही. घरी येऊन चुलीपुढच्या राखेत सही काढली. भट्टीवर ओल्या विटांवर काढली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

सरपंच झाले तरी पोट भट्टीवरच होतं, फक्त आता जवळच्या भट्टीवर रोज जाऊन-येऊन. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन तिथे यायचे. ते बोट ठेवतील तिथे मी सही करायची. वर काय लिहिलंय, विचारलं नाही. कधी पान कोरंच असायचं. सही मागतात म्हणजे मान देतात, असं वाटायचं मला. अक्कल गहाण टाकली होती मी.

आमच्या वाडीत मेलेलं माणूस जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याकाठच्या माळावर आमची मसणवट. माझी आई तिथे. माझा सात महिन्यांचा पोर तिथे. भट्टीवर तापाने गेला होता. मी त्याला कुशीत घेऊन टेम्पोतून वाडीवर आणला होता, स्वतःच्या हाताने माती लोटली होती.

एका सकाळी त्या माळावर जेसीबी उभा. खाली विचुंब्याकडे झाले तसे बिल्डरचे उंच टॉवर आता आमच्याकडे येणार होते, त्यांना रस्ता हवा होता. वाडीतली माणसं जेसीबीला आडवी गेली. तेव्हा बिल्डरचा तोच साहेब पुढे आला आणि त्याने कागद काढला.

"ग्रामपंचायतीची ना हरकत आहे. तुमच्याच सरपंचाची सही."

सगळे माझ्याकडे वळले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माझी म्हातारी सासू पुढे आली, कागदाकडे बघत राहिली. तिला काय वाचता येणार?

"तुजी हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

ती मटकन खाली बसली. जेसीबी चालू झाला. मी पोराच्या उशाच्या दगडाकडे धावले, तोवर दगड मातीत गेला होता. त्या ढिगात त्याची माती कुठली, मला ओळखता आलं नाही. मी सरपंच होते आणि मला काहीही करता आलं नाही.

वरच्या एका कचेरीत गेले. तिथले म्हणाले, ठराव तुमचा, सही तुमची, तक्रार कुणाविरुद्ध करताय? त्या जिन्यावर बसून मी खूप रडले. कुणावर चिडायचं तेच कळेना. सगळा राग फिरून माझ्यावरच यायचा.

महिन्याभराने भाऊंनी पुन्हा बोलावलं. पुन्हा तोच साहेब, तोच चहा. या वेळी टॉवरसाठी पाण्याच्या लाइनीचा कागद.

"कर गं सही."

"आधी वाचा, काय लिवलंय ते."

"तुला काय कळणार हाय?"

"मला नाय कळलं तर वाडीला कळंल. वाडीत येऊन वाचा."

भाऊ हसले नाहीत. "डोक्यावर चढवली ती चूक झाली," ते म्हणाले. "वाडीत बायका काय कमी हायत? तू नाय तर तुजी जाऊ."

मी सही केली नाही. कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि बाहेर पडले.

आता माझ्यावर अविश्वास आणलाय. गाव मोठं, वाडी लहान. पद जाणार, ते मला दिसतंय. भाऊंचा माणूस जावेकडे साडी देऊन गेला. मी तिला सगळं सांगितलं, कोऱ्या पानासकट. ती काय करेल मला माहीत नाही. तिलाही पोट आहे.

मसणवट परत येणार नाही. तिच्यावरून रोज डंपर जातात आणि मी त्याच रस्त्याच्या कडेने कामाला जाते. पण मतदार यादीतलं माझं नाव भाऊंच्या हातात नाही. यादीत नाव असलं की ग्रामसभेत कुणालाही उभं राहून विचारता येतं, हे मी चार जणांना विचारून पक्कं केलंय. सभेच्या दिवशी भट्टीवर जाणार नाही. खाडा पडला तर पडू दे. मी सभेत उभी राहणार आणि रजिस्टरातलं प्रत्येक पान मोठ्याने वाचायला लावणार. समोर खुर्चीत माझी जाऊ असली तरी.