अडतीस सेकंदांचा लंबक

चालताना डावी-उजवीकडे झुलायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव लंबककाका ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षं शाळेची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनीच सांभाळली. बाई फळ्यावर शिकवायच्या, पण नियम मुलांच्या गळी उतरवायचे ते काकाच. गोळा शिशाचा घ्या की लाकडाचा, लंबकाला त्याचं सोयरसुतक नाही; दोरा लांबला तरच झोका लांबतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बायको जाऊन नऊ दिवस झाले आणि प्रात्यक्षिक परीक्षा आली. दहापर्यंत मांडणी चोख झाली नाही, तर काकांना कार्यालयात बसवू, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. काकांनी मान हलवली. आत काहीच हललं नाही.

मीटरभर दोऱ्याच्या लंबकाला वीस झोक्यांना चाळीस सेकंद लागतात. त्या सकाळी अडतीसच भरत होते. काकांनी दोरा मोजला, बरोबर होता. घड्याळ बदललं. पुन्हा अडतीस. मग त्यांनी चक्क गोळा बदलायला घेतला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या बाईंना राहवलं नाही.

"काका, जरा मोठ्यानं मोजा."

काकांनी गोळा सोडला आणि म्हणाले, "एक."

बाई हळूच म्हणाल्या, "सोडताना शून्य. परत आला की एक. यावरून मुलांचे कान तुम्हीच पिळता ना?"

म्हणजे झोके एकोणीसच होत होते. काका गोळ्याकडे पाहत राहिले. लाज वाटायला हवी होती, तीही वाटेना. त्यांनी पुन्हा मोजलं. चाळीस.

दहाला दहा कमी असताना मुख्याध्यापक आले. मांडणीला इतका वेळ का लागला, असं त्यांनी विचारलं. दोरा सैल पडला होता, असं बाईंनी ठोकून दिलं.

"दोऱ्याला कशाला बोल लावता, बाई?" काका म्हणाले. "साहेब, मोजणीत मीच चुकलो."

मुख्याध्यापकांनी परीक्षेसाठी मांडलेल्या आठही लंबकांवरून नजर फिरवली.

"आता मुलांची मोजणी तपासणार कोण?"

"मीच. बाई शेजारी उभ्या राहतील."

बाई आधीच येऊन उभ्या होत्या.

"मुलांना आत घ्या, काका," एवढंच म्हणून मुख्याध्यापक गेले.

काका मुलांच्या बाजूच्या दाराशी गेले. कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. बाहेर मुलांचा गलका चालला होता. शेवटी कडी बाईंनीच काढली.